हिरव्या आकड्याची माणसं

नान्निंग, २४ फेब्रुवारी

आत्या,

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, की बाबांच्या तळहातांची सालं ऊस तोडल्यामुळे निघतायत. ते चूक आहे. बाबांनी या हंगामात कोयता हातात घेतलेलाच नाही. आपला तुकडा यंदा शेजारच्या काकूंच्या मुलाने तोडला आणि बाबा बांधावर खुर्ची टाकून त्याला अक्कल शिकवत बसले होते, असं काकूंनी मला हसत हसत सांगितलं. मी बाबांच्या तोंडचं ऐकलं आणि न तपासता तुला कळवलं.

आधी चूक, मग खुशाली, ही तुझीच शिस्त. कमरेपासून खाली प्लास्टर होतं तेव्हा मी सहा वर्षांची होते. शाळा नव्हती, तू होतीस. तू मेडिकल कॉलेजातून दर आठवड्याला गणितं पाठवायचीस, आणि सोबत माझं आधीचं पत्र, लाल शाईने दुरुस्त केलेलं. पुढच्या पत्राच्या पहिल्या ओळीत मी ती चूक कबूल केली नाही, तर तू पुढची गणितं पाठवायची नाहीस. रुग्णालयातल्या त्या बैठकीनंतर तू माझा फोन घेत नाहीस. पत्र मात्र तुला न वाचता टाकवणार नाही, अशी मला आशा आहे.

तर, सालं. नव्या वर्षाच्या जेवणाला बाबांना जेवायच्या काड्या धरता येईनात. अख्खं घर माशावर तुटून पडलेलं आणि ते चमच्याने भात खात होते. मी विचारलं तर म्हणाले, "कारखान्यात तीस वर्षं नट-बोल्टचे पाने फिरवले, आता उसाने बदला घेतलाय." सगळे हसले. मीही हसले.

काल मी पुन्हा घरी गेले. बाबांनी पाय शेकायला गरम पाण्याची बादली घेतली आणि मला बघून पाय पाण्यातच ठेवले. पाणी गार झालं तरी काढेनात. शेवटी मीच टॉवेल घेऊन खाली बसले. त्यांचे तळवे लाल झालेत, टाचांना फोड आहेत, चवड्यांवरची कातडी कागदासारखी सुटलीये. ऊस कुणी पायाने तोडत नाही.

असे तळपाय मी आपल्या वॉर्डात सह्या घ्यायला गेले की बघते. लाल आकड्याच्या लोकांचे.

तुला हे सांगायची गरज नाही, पण मी सगळं पहिल्यापासून मांडते, कारण सध्या मला माझ्याच कामाचा भरवसा राहिलेला नाही. यकृतातून काढलेल्या गाठीचा एक तुकडा आपण गोठवतो. त्यातली कोणती जनुकं जोरात चालू आहेत आणि कोणती निजलेली, हे मोजतो. जुन्या रुग्णांचे तुकडे आणि त्या माणसांचं पुढे काय झालं, हे आपण संगणकाला शिकवलेलं आहे. त्यावरून तो नव्या माणसाची गाठ परत येईल की नाही ते सांगतो. येईल असं वाटलं तर आकडा लाल. त्या माणसाला अभ्यासातल्या गोळ्या मिळतात, ज्यांनी हातापायांची सालं निघतात, आणि दर दोन महिन्यांनी स्कॅन. आकडा हिरवा आला तर घरी जायचं, काविळीची नेहमीची गोळी चालू ठेवायची, सहा महिन्यांनी तोंड दाखवायचं. गेल्या शरदापासून आपल्या रुग्णालयात असं चाललंय आणि सहा मेपासून सगळ्या तालुक्यांत चालणार आहे.

बाबांचा आकडा हिरवा आहे. नोव्हेंबरात त्यांचं ऑपरेशन झाल्यावर मीच काढला. त्या आनंदात मी तुला कडकडून मिठी मारली होती आणि तू माझ्या पाठीवर दोनदा थोपटलंस.

मग बाबा कुठल्या गोळ्या घेतायत? तुला काही माहीत असेल तर कळव.

सुच्यू


नान्निंग, ६ मार्च

आत्या,

मागच्या पत्रात मी "तुला काही माहीत असेल तर" असं लिहिलं. ते बरोबर नव्हतं. तुला माहीत आहे, हे मला लिहितानाच माहीत होतं. अभ्यासातल्या गोळ्या तुझ्या सहीशिवाय कपाटाबाहेर येत नाहीत.

रविवारी मी बाबांना सरळ विचारलं. त्यांनी आधी टीव्हीचा आवाज वाढवला. मग म्हणाले, "तुझ्या आत्याने दिल्यात. ती मोठी डॉक्टर आहे की तू?"

"माझ्यापासून का लपवलंत?"

"तीच म्हणाली. म्हणाली, पोरीला खरेपणाचा आजार आहे, तिला कळलं तर तिचंच पोट दुखेल."

आणि हसले, आत्या. तुमच्या दोघांमधला जुना विनोद असल्यासारखे.

मला बाबांना गोळ्या मिळाल्याचा राग नाही. तू त्या दिल्यास, याचा अर्थ तुझा त्या हिरव्या आकड्यावर विश्वास नाही. आणि विश्वास नसण्याचं कारण तुला मीच दिलं होतं.

जानेवारीतली ती दुपार तुला आठवत असेल. एका रुग्णाच्या मुलाची सही राहिली होती म्हणून मी वर शस्त्रक्रिया विभागाच्या दारात गेले. एरवी मी खाली प्रयोगशाळेत असते. तुकडा खिडकीतून येतो, मी गोठवते, एवढंच मला माहीत. दारात एका गावची अख्खी बस उतरली होती. डॉ. ल्याओ स्टीलचा ट्रे घेऊन बाहेर आले, तुम्ही सगळेच येता तसे. गाठ डोळ्यांनी दाखवली नाही तर आपल्या लोकांना वाटतं, आत काही कापलंच नाही.

"एवढीच?" एक आजोबा म्हणाले. "माझ्या भावाची फणसाएवढी होती."

"आजोबा, ही काय शर्यत आहे का?"

"डॉक्टर, जरा उलटी करा ना. थोरल्याला फोनवर दाखवायचीये, तो शेंझेनला असतो. ए, दिसतंय का? नाही दिसत म्हणतोय. डॉक्टर, इथे नेटवर्क नाही, खिडकीपाशी चला की."

आणि डॉ. ल्याओ ट्रे घेऊन खिडकीपाशी गेले. तिथे एक मावशी रडायला लागल्या, त्यांना पाणी दिलं. मग कुणीतरी विचारलं, आत कशी दिसते, तर त्यांनी गाठ मधोमध चिरून दाखवली. ते चांगले डॉक्टर आहेत. कुणाला झिडकारत नाहीत.

मी सही घ्यायची विसरले. रक्तपुरवठा तुटलेला तुकडा उबेत नुसता पडून राहिला की काही जनुकं धास्तावून जागी होतात, गाठ कशीही असो. त्यांची नावं मला पाठ होती, कारण आपल्या आकड्यात सगळ्यात जास्त वजन त्यांनाच आहे. जुन्या रुग्णांमध्ये ज्यांची गाठ मोठी आणि वाईट, त्यांच्या घरच्यांशी डॉक्टर दारात जास्त वेळ बोलत राहिले, आणि तीच माणसं पुढे दगावली. संगणक गाठ वाचायला शिकलाच नव्हता. ट्रे दारात किती वेळ थांबला, ते वाचायला शिकला होता.

मग ज्यांचं दारात कुणीच नसतं त्यांचं काय? त्यांचा तुकडा तडक खाली येतो. ते सगळे हिरवे. थान मावशी हिरव्या, त्यांचा मुलगा डोंगग्वानच्या कारखान्यातून सुटी मिळाली नाही म्हणून आला नव्हता. बाबा हिरवे, कारण तू सभेला होतीस, मी खाली खिडकीशी बसले होते आणि बाकी सगळ्यांना बाबांनीच दटावलं होतं, "उसाचे दिवस आहेत, माझं काळीज बघायला येऊ नका."

मी त्याच संध्याकाळी तुला कॅन्टीनमध्ये गाठलं. तू शेवया खात होतीस. मी बोलत होते आणि तू त्यांच्यातली मिरची वेचून कडेला ठेवत होतीस. सगळं ऐकल्यावर म्हणालीस, "अजून कुणाला बोललीस?"

"नाही. आधी तुला."

"शहाणी माझी. कोणाकोणाचे तुकडे उशिरा आले असतील, ते शोधून मला सांग. मी निस्तरते."

तीन आठवडे मी नर्सना विचारत फिरले, सुट्या बघितल्या, कोणत्या दिवशी कुठला डॉक्टर होता ते जुळवलं. सगळं तुझ्या हातात दिलं. मला वाटलं, आपण दोघी मिळून आकडा मोडणार आणि नव्याने बांधणार. वाईट वाटत होतं, पण त्यात एक सुखही होतं. प्लास्टरमधल्या दिवसांनंतर आपण दोघींनी मिळून काहीच केलं नव्हतं.

फेब्रुवारीत निबंध छापून आला. आकडा आधीपेक्षा अचूक निघाला होता. उशिरा गोठवलेल्यांपैकी जे गेले, त्यांना तू ठेवलंस. उशिरा गोठवलेले असून जे जगले, म्हणजे ज्यांच्याबाबतीत आकडा चुकला होता, त्यांना "नमुना खराब" म्हणून वगळलंस. माझ्या हिशेबाने असे नऊ जण. आणि खाली छापलंस: नमुन्यांची तपासणी, नोंग सुच्यू.

बैठकीत मी एवढंच विचारलं, "कोणते नमुने वगळले?" तू सगळ्यांसमोर हसून म्हणालीस, "आमच्या घरी हिला लहानपणापासून उलटतपासणीची सवय आहे." सगळे हसले. बाबा हसले तसेच.

सुच्यू


नान्निंग, १७ मार्च

आत्या,

मागच्या पत्रात मी नऊ लिहिलं होतं. बारा.

ही दुरुस्ती तुझी आहे. काल पाकीट आलं. आत माझंच पत्र, घडी जशीच्या तशी, आणि चार पानांत एकच लाल रेघ. नऊवर काट, शेजारी बारा. ना नाव, ना तारीख, ना एक शब्द.

मी ते पान घेऊन बराच वेळ बसले. पहिल्यांदा वाटलं, तू मला मदत करतेयस. मग वाटलं, एवढी मोठी गोष्ट मी लिहिली आणि तुला त्यातली फक्त बेरीज खटकली. मी मोजून पाहिलं. बाराच आहेत. तीन जण मला सापडले नव्हते, कारण ते दुसऱ्या इमारतीत दाखल होते. म्हणजे तू माझ्यापेक्षा नीट काम केलंस. कोणाला पुसायचं आहे हे पुरतं माहीत असूनच पुसलंस. कुणी घाईत केलेली चूक असती, तर मला झोप लागली असती.

मीही आता नीट काम केलंय. डॉ. ल्याओंना सांगितलं. ते आधी चिडले. "म्हणजे मी लोकांशी चांगलं बोलतो म्हणून माझे रुग्ण लाल?" म्हणाले. मग खुर्चीत बसले आणि कपाळ चोळत राहिले. दोन दिवसांनी त्यांनी मला एक रुग्ण दिला, मो आजोबा. त्यांची परवानगी मी स्वतः घेतली. समजावून सांगितलं, की तुमच्या गाठीच्या एका तुकड्याचे दोन भाग करू. एक लगेच गोठवू, दुसरा एरवी नातेवाइकांना दाखवेपर्यंत राहतो तेवढा बाहेर ठेवू.

एका अर्ध्याचा आकडा हिरवा आला, दुसऱ्याचा लाल. मी जाऊन सांगितलं. आजोबा उशीवर टेकून संत्रं सोलत होते.

"माणूस एकच ना?"

"एकच."

"गाठ एकच?"

"एकच, आजोबा."

"मग मी कुठल्या अर्ध्याबरोबर घरी जाऊ ते सांग. हिरव्याबरोबर गेलो तर बायको खूश होईल, लालबरोबर गेलो तर पोरं भेटायला येतील."

मला संत्र्याची फोड दिली. मी खाल्ली. मग जिन्यात जाऊन रडले, हे तुला सांगायचं नव्हतं, पण लिहून झालं.

एकाच रुग्णावरून सिद्ध होत नाही, हे तू म्हणण्याआधी मी म्हणते. आणखी चार जणांचं तसंच केलं. चौघांमध्ये तिघांचा रंग बदलला, एकाचा नाही. तो न बदललेलाही मी मोजलाय.

थान मावशींचा परवा फोन आला होता. घरचे आंबवलेले बांबूचे कोंब पाठवतेय म्हणाल्या, माझ्यासाठी. "पोरी, तुझ्या यंत्राने मला पास केलं! शाळेत मी कधी पास झाले नव्हते. आता गल्लीत सगळ्यांना सांगत फिरते." डॉ. ल्याओंनी त्यांची गाठ काढली तेव्हा बारीक शिरेत पेशी शिरलेल्या सूक्ष्मदर्शकात दिसल्या होत्या. पूर्वी एवढ्यावर त्यांना गोळ्या आणि स्कॅन मिळाले असते. आता आकडा म्हणतो, नको.

मी त्यांना म्हटलं, "मावशी, पोट दुखतंय का?"

"दुखतं थोडं. आनंदाने दुखत असेल."

त्यांच्या स्कॅनवर तुझी सही लागते. कागद डॉ. ल्याओंनी तुझ्याकडे पाठवलाय. फक्त सही कर. बाकीचं आपण मागाहून बोलू.

सुच्यू


गाव, ५ एप्रिल

आत्या,

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, "बाकीचं आपण मागाहून बोलू." ते काल थडगी झाडायच्या सणाला टेकडीवर बोलून झालं, आणि आता बोलण्यासारखं काही उरलं नाही. तरी लिहितेय, कारण काल धूर होता, वारा होता, फटाके होते, आणि तू काय बोललीस ते मला तुझ्यासमोर पुन्हा एकदा नीट मांडायचंय. मी एखादा शब्द चुकीचा ऐकला असेन तर दुरुस्त कर.

आजीच्या थडग्यावरचं गवत काढताना मी तुला विचारलं, थान मावशींचा कागद कुठे आहे.

तू म्हणालीस, "टेबलावर. एका हिरव्याला स्कॅन दिला की उद्या सगळे हिरवे दारात उभे राहतील."

"राहू देत ना."

"आणि सहा मेला मी तालुक्याच्या डॉक्टरांना काय सांगू? की आकडा आहे, पण आमचाच त्याच्यावर विश्वास नाही?"

"हो. तेच सांग."

तू खुरपं खाली ठेवलंस. "सुच्यू, ही समोरची रांग बघ. ही काकी, हा तिचा मुलगा, हा मास्तर, ही त्याची सून. सगळ्यांचं यकृतच. तू यांना पाहिलेलं नाहीस, मी यांच्या घरी जेवलेय. आज तालुक्यात काय आहे? डॉक्टर पोटावर हात ठेवतो आणि अंदाज करतो. हा आकडा मंजूर झाला की त्याच्या मागून यंत्रं जातील, स्कॅन जातील, शिकलेली माणसं जातील. एकदा दार उघडलं की आकडा मी सुधारेन. तुलाच सुधारायला देईन."

"आणि तोवर?"

"तोवर काय? तोवर आधीही मरतच होते."

हे तू म्हणालीस. मी बरोबर ऐकलं ना?

मग मी ते बोलले, जे बोलायला मी टेकडीवर चढले होते. "आत्या, थान मावशी हिरव्या आहेत आणि बाबाही हिरवे आहेत. बाबांना तोवर थांबायला का नाही सांगितलंस?"

तू बाबांकडे पाहिलंस. ते थडग्यापुढे उसाची कांडी आणि भाजलेलं डुकराचं मांस मांडत होते, हातात सुती मोजे घालून. तू म्हणालीस, "तो माझा भाऊ आहे."

मी वाट पाहत राहिले. वाटलं, अजून काहीतरी बोलशील. तू उदबत्त्या पेटवल्यास, मला तीन दिल्यास, जशा लहानपणी द्यायचीस, टोक माझ्यापासून लांब धरून. आपण दोघींनी शेजारी उभं राहून आजीला नमस्कार केला. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, किती माया आहे दोघींची.

माया होतीच, आत्या. म्हणूनच एवढं लागलं. तू मला आकडेमोड शिकवलीस आणि त्याच आकडेमोडीने तू बारा जिवंत माणसं कागदावरून उचललीस, वर माझं नाव घातलंस. परक्या माणसाने केलं असतं तर मी दुसऱ्याच दिवशी तक्रार केली असती. तू केलंस म्हणून मी दोन महिने पत्रं लिहीत बसले, आणि त्या दोन महिन्यांत थान मावशी गल्लीत पास झाल्याचं सांगत फिरल्या.

तू गाडीत बसून गेलीस. बाबा काही बोलले नाहीत.

सुच्यू


नान्निंग, ११ एप्रिल

आत्या,

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, की बाबा काही बोलले नाहीत. ते खोटं आहे.

तुझी गाडी वळणापलीकडे गेल्यावर बाबा टेकडीच्या पायथ्याशी दगडावर बसले. मोजे काढले, हात वाऱ्यावर धरले. म्हणाले, "ती नसती तर तू अक्षर तरी गिरवलं असतंस का? तुझी आई गेल्यावर मला तुझी वेणी घालता येत नव्हती, गणित कुठलं शिकवतो."

"मला माहीत आहे, बाबा."

"तू तोंड उघडलंस की तिची खुर्ची जाईल."

"हो."

"आणि माझ्या गोळ्या?"

मी म्हटलं, अभ्यासाबाहेर दिल्यात, त्यामुळे थांबवतील. मग डॉ. ल्याओ जुन्या पद्धतीने तुमचे कागद बघतील. तुमची गाठ लहान होती, एकच होती. कदाचित तुम्हाला गोळ्यांची गरजच नसेल. कदाचित असेल.

"कदाचित," बाबा म्हणाले. शेजारच्या रानात उसाची पाचट जळत होती. मग, जसं कुणी मीठ मागावं तसं म्हणाले, "मला जगायचंय गं, पोरी."

हे मी तुला लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर ते खरं झालं असतं, आणि मग मला त्याच्यासकट ठरवावं लागलं असतं. सहा दिवस मी तसंच टाळलं. काम करत होते, खात होते, आणि हे वाक्य बाजूला ठेवत होते. म्हणजे तू बारा जणांचं केलंस, तेच मी बाबांचं केलं. जे हिशेबात बसत नाही ते काढून टाकलं. म्हणून आज आधी ही चूक दुरुस्त करते, आणि त्यांच्यासकट ठरवते.

आज सानयुएसानची, म्हणजे गाण्यांच्या सणाची, सुटी आहे. खाली रस्त्यावर गाणी चालली आहेत, वसतिगृहाच्या मुलींनी पाचरंगी भात आणलाय. मी खोलीत बसून थान मावशींना फोन केला.

"मावशी, यंत्र चुकलं. तुमचा आकडा खरा नाही."

पलीकडे नळाचं पाणी वाहत होतं. ते बंद झालं.

"म्हणजे मी नापास?"

"तसं नाही. माहीतच नाही. यंत्राला तुमचं काहीच कळलेलं नाही. पुन्हा तपासावं लागेल."

"हां. मग परत पेपर द्यायचा." मग म्हणाल्या, "तुला कुणी रागावणार नाही ना, पोरी? मी कुणाला सांगत नाही हवं तर."

"सांगा. सगळ्यांना सांगा."

"कधी येऊ?"

मी दिवस सांगितला. डॉ. ल्याओ त्या दिवशी तुझ्या सहीची वाट न बघता स्वतःच्या नावाने त्यांचा स्कॅन लिहिणार आहेत. त्याचं जे व्हायचं ते होईल, असं ते म्हणाले. या वेळी मावशींच्या सोबत दारात मी थांबणार आहे.

बाबांनाही मघाशी फोनवर सांगितलं. मी काय करणार, कधी करणार, सगळं. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "आत्याला आधी कळव. तिला लोकांसमोर कळता कामा नये." म्हणून हे पत्र टपालाने पाठवत नाही, तुझ्या दाराखालून सरकवणार आहे.

तालुक्यांच्या डॉक्टरांची शिकवणी पुढच्या आठवड्यात मोठ्या सभागृहात आहे. कार्यक्रमपत्रिकेत तू दुसरी आहेस, आकड्याची ओळख करून द्यायला. मी चौथी, आकडा कसा काढायचा ते पडद्यावर दाखवायला. मी मो आजोबांचे दोन अर्धे दाखवेन. मग त्या पाच जणांचे सगळे आकडे, न बदललेल्या एकासकट. मग बारा जण, नावं झाकून, पण ते आज जिवंत आहेत हे न झाकता. रुग्णालयाच्या नैतिकता समितीला हेच सगळं त्याच सकाळी पोचेल, आणि छापलेल्या निबंधातून माझं नाव काढावं असं पत्र संपादकांनाही. बाबांच्या गोळ्यांचंही मी समितीला लिहिलंय. ते वाक्य लिहायला मला बाकीच्या सगळ्या कागदांपेक्षा जास्त वेळ लागला.

तुझ्या पाळीत तू स्वतः उठून हे बोललीस, तर मी मागच्या रांगेत बसून राहीन. आकडा तुझा आहे. तो मोडायचा मान आणि नव्याने बांधायचं काम, दोन्ही तुझंच राहील, आणि मला बोलावलंस तर मी येईन. नाही बोललीस, तर तिसऱ्या माणसाचं झाल्यावर मी उठेन.

मंगळवार, १६ एप्रिल, सकाळी साडेनऊ.

सुच्यू